तळ्याचं नाव, बारसं झाल्यावर

सुमनअक्का,

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला दोन शब्द बोलायला सांगितलं आणि माझ्या तोंडून धड एकही फुटला नाही. जन्मभर वर्गात बडबड केलेली बाई माइकपुढे उभी राहिली, 'अक्का माझी' एवढं म्हणाली आणि खाली बसली. सुजातानं पाण्याचा पेला आणून दिला. लेक तुझ्याच वळणावर गेली आहे. रडणाऱ्याच्या हातात आधी पाणी देते, समजूत मागनं घालते.

माझ्याआधी जे बोलले ते सगळे तुझ्या बाळंतपणांबद्दल बोलले. बोलणारच. तो निम्मा हॉल तुझ्याच हातावर जन्मलेला होता. टक्कल पडलेला एक ग्रामसेवक उठून म्हणाला, 'मला जन्मातली पहिली चापट सिस्टरनं मारली,' तेव्हा लोक रडता रडता हसले. तू असतीस तर म्हणाली असतीस, 'अजून एक मारायला पाहिजे व्हती, सुधारला असता.' पाखरांबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. ते बोलायचं माझ्यावर होतं, आणि मी तर खाली बसले होते.

जेवणं झाल्यावर तुझ्या फोनवरच्या पाखरांच्या ग्रुपमधली चार-पाच मंडळी माझ्याभोवती येऊन उभी राहिली. भली माणसं आहेत. कुणी बँकेत, कुणी मास्तर, एकाचं उदगीरला मोबाइलचं दुकान. त्यांच्या मनात तुझ्या नावानं एक सहल काढायचं आहे. 'सिस्टर ज्याला माहेर म्हणायच्या ना, त्या तळ्यावर. याच महिन्यात, म्हणजे ती काळ्या पोटाची सुरय अंड्यांवर बसलेली दिसेल. तिथं सिस्टरच्या नावाची पाटी लावू.' मग अगदी हात जोडल्यासारखं करून विचारलं, 'बाई, तेवढं तळं कुठलं ते सांगा.'

मी म्हटलं, विचार करून सांगते. चपला घालताना मागून एकाचं बोलणं कानावर आलं, 'बाईंना ते एकटीलाच ठेवायचंय.' त्याचं काय चुकलं? दिसायला ते तसंच दिसतं. दोघींना ठाऊक असलेली गोष्ट आता एकटीलाच ठाऊक आहे, आणि ती एकटीनं सांभाळणं किती जड जातं ते मला परवापर्यंत माहीत नव्हतं. म्हणून तुला लिहायला बसले. यंदा तर पाऊसही दगा देऊन गेला आहे. तुला विचारल्याशिवाय या बाबतीत मी कालपर्यंत काही केलं नव्हतं, आणि नेमकं आता तू उत्तर द्यायला नाहीस.

आठवतं, तेव्हा लातूर नुकता जिल्हा झाला होता. कचेऱ्यांवरच्या पाट्यांचा रंग ओला होता आणि लोकांच्या तोंडी अजून उस्मानाबादच होतं. मी बिलोलीची, नोकरीपायी उदगीरला आलेली. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायचे. नव्या जिल्ह्याचा नकाशा शाळेत आला नव्हता, म्हणून जुन्याच नकाशावर खडूनं रेघ ओढून 'हे आता आपलं' असं मुलींना सांगायचे. रविवारी खोलीत करमायचं नाही. शाळेच्या कपाटात पाखरांचं एक जुनं पुस्तक सापडलं होतं. ते पिशवीत टाकून मिळेल त्या एसटीनं मिळेल त्या पाण्यावर जायचे. अशीच एका तळ्याच्या बांधावर तू दिसलीस. अंगात सरकारी पांढरी साडी, बाजूला औषधांची पिशवी, आणि डोळ्यांना भलीमोठी दुर्बीण.

'काय हुडकून राहिलीस?' तू विचारलंस. मी म्हटलं, पाखरं. तू सरकून जागा केलीस आणि दुर्बीण माझ्या हातात दिलीस. 'उजवा डोळा झाक. त्या काचेला बुरशी लागलीय.' तुझ्या वडलांनी पलटणीतून आणलेली ती दुर्बीण. नाव विचारण्याआधी आपण पाखरं बघितली. मी शाळेतली बाई आहे हे कळल्यावर तू मला 'बाई' म्हणायला लागलीस ते शेवटपर्यंत. माझं पाळण्यातलं नाव तुला ठाऊक तरी होतं का, याची मला शंकाच आहे.

तुझ्या त्या दुर्बिणीनं गावोगाव काय गोंधळ घातला होता. नसबंदीच्या टार्गेटचे दिवस. तू बांधावर दिसलीस की चार लेकरांच्या आया ज्वारीत शिरायच्या. 'सिस्टर आता लांबूनच केसेस हेरून राहिली,' अशी बोलवा झाली. तुला ती कळल्यावर तू एका बाईला मुद्दाम दुर्बिणीतून न्याहाळलंस आणि ओरडून सांगितलंस, 'तुझं न्हाई दिसलं गं काही, ये बाहेर.' मी अशी हसले की एसटी चुकली.

आणि मग तिसऱ्या की चौथ्या रविवारी ती दिसली. तळ्याच्या मधोमध वाळूचा उंचवटा होता, चहूबाजूंनी पाणी. त्यावर सडपातळ, राखी पाठीची, केशरी चोचीची पाखरं बसली होती. एक उडालं तेव्हा पोट दिसलं. काजळाचा हात पुसावा तसं काळं. मी पुस्तक उघडलं. काळ्या पोटाची सुरय, आणि पुढं लिहिलेलं की ही दिवसेंदिवस दुर्मिळ होत चालली आहे. तू पुस्तकाकडं बघितलंसुद्धा नाहीस. 'काजळपोटी,' म्हणालीस. नाव पडलं ते पडलं.

ऊन चढलं तशी ती पाण्यावर जाऊन पोट भिजवून आली आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसली. पुन्हा गेली, पुन्हा भिजवून आली. तू दुर्बीण माझ्याकडं दिलीच नाहीस. मग म्हणालीस, 'तापल्या लेकराच्या कपाळावर आपण ओलं फडकं ठेवतो, तसंच की गं.' आणि जरा थांबून, 'बाळंतपणाला माहेरी आलीय ही.' तेव्हापासून ते तळं आपलं माहेर. त्या तळ्याचं खरं नाव मी इथं लिहिणार नाही. लातूर आणि नांदेडच्या सीमेवर कुठंतरी आहे, एवढं पुरे. 'माहेरी जायचं का?' असा तुझा निरोप शाळेत यायचा तेव्हा हेडबाई म्हणायच्या, 'बिलोलीला किती वेळा जाता हो?' मी मान खाली घालायचे.

आपलं भांडण सुरू झालं त्याला नवा जिल्हाच कारण. जिल्ह्यात काय काय आहे याची एक स्मरणिका निघणार होती. किल्ले, देवळं, बाजार, तळी. कुणीतरी माझं नाव सुचवलं आणि पाखरांवर एक लेख मागवला. मी तुझ्या क्वार्टरवर येऊन सांगितलं. तू स्टोव्हला पिन मारत होतीस. भिंतीवर बाबासाहेब, खाली बुद्धाची लहानशी मूर्ती, आणि तिच्याशेजारी लसीकरणाचा तक्ता.

'लिही की मग. काजळपोटीचं लिही. तळ्याचं नाव घालून लिही,' तू म्हणालीस.

मी म्हटलं, वेड लागलंय का तुला? उद्या माणसांची रीघ लागेल. कुणी अंडी उचलेल, कुणी कुत्री घेऊन जाईल. बाळंतिणीच्या खोलीत कुणी गावजत्रा भरवतं का? आपल्याकडं दाराला कडुलिंबाचा डहाळा लावतात तो कशासाठी? आत बाळंतीण आहे, तिकडं फिरकू नका, हेच सांगायला ना.

तू पिन बाजूला ठेवलीस. 'बाई, तू डहाळं बघितलंस, मी बाळंतिणी बघितल्यात. माझ्या पदरात जी मेली ती गर्दीनं न्हाई मेली. लपवली म्हणून मेली. पोरगी पोटुशी हाय हे घरच्यांनी सांगितलंच न्हाई, माझ्याकडं नोंद न्हाई, मग मी जाऊ कुठं अन् कुणासाठी? ज्याची नोंद न्हाई ते मेलं तर व्हतं का न्हाई, हेबी कुणाला कळत न्हाई.' नवीन जिल्ह्याला मिरवायला काहीतरी हवंच आहे, लोक जे मिरवतात ते जपतात, असं तुझं म्हणणं. माझं म्हणणं, लोक जे मिरवतात ते हाताळतात.

त्या दिवशी माझं चाललं. मी लेखात बगळे लिहिले, करकोचे लिहिले, काजळपोटी गाळली. तू फुगून दोन रविवार आली नाहीस. तिसऱ्या रविवारी आलीस ती भुईमुगाच्या शेंगा घेऊन, जसं काही घडलंच नव्हतं.

पुढच्या साली पाऊस पडलाच नाही. विहिरींचे तळ दिसले, उदगीरला टँकर फिरायला लागले. आपलं तळंही आटत आटत मधल्या उंचवट्याच्या पायाशी येऊन ठेपलं. बेट उरलं नाही, एका बाजूनं वाट झाली. तरी काजळपोट्या आल्या. माहेरचं घर पडकं झालं तरी लेकी येतात, तशा आल्या. आणि अंडी घातली त्याच आठवड्यात तळ्यातला गाळ काढायचं रोजगार हमीचं काम मंजूर झालं. कचेरीत कुणाचं काय चुकलं? तिथं पाखरं आहेत हे कुणालाच माहीत नव्हतं. माहीत असलेल्या दोघी गप्प होत्या.

मी शाळेत, परीक्षांचे पेपर गळ्याशी. तू औषधाची पेटी घेऊन कामावर होतीस, कारण उन्हात बाया चक्कर येऊन पडत होत्या. बाभळींना लेकरांच्या झोळ्या बांधल्या होत्या. फावडी सरकत सरकत उंचवट्याकडं निघाली होती. पुढचं सगळं मला कामावरच्या गंगाबाईनं सांगितलं, तूही सांगितलंस, आणि मी ते इतक्यांदा ऐकलं आहे की मी तिथं नव्हते असं मला वाटतच नाही.

तू बांधावरच्या लिंबाचे डहाळे मोडलेस. उंचवट्याच्या भोवती, लांबून, एकेक डहाळा रोवत गेलीस. टोळीची पुढारी गंगाबाई घमेलं डोक्यावर घेऊनच तुला म्हणाली, 'काय करून राहिल्या सिस्टर?'

'इथं बाळंतीण हाय. आत पाय टाकू नका.'

'बाळंतीण कुठली? पाखरं हाईत की ती.'

'मग पाखरू बाळंत व्हत न्हाई व्हय?'

गंगाबाईनं घमेलं खाली ठेवलं, डोळ्यांवर हात धरून बघितलं. नेमकी तेव्हाच काजळपोटी पोट भिजवून आली आणि बसली. गंगाबाई मागं वळून बायांना म्हणाली, 'ए, हिकडून न्हाई. वळसा घालून चला.' मुकादम कुरकुरला, तेवढी माती सोडली तर माप कसं भरायचं म्हणाला. गंगाबाई म्हणाली, तुझ्या बायकोच्या खोलीत बी असाच घुसतो का? त्या उंचवट्याला एक फावडं लागलं नाही. कामावरच्या सगळ्या बाया वळसा घालून गेल्या. देवधर्म न मानणारी तू. 'सटवाई-बिटवाई मी मानत न्हाई, लिंब मानते,' असं कायम म्हणायचीस. त्या दिवशी लिंबानं तुझं ऐकलं.

तुझं खरं ठरलं होतं आणि तू हवेत होतीस. उदगीरच्या एका साप्ताहिकाचा माणूस कामाची बातमी घ्यायला आला, त्याला तू सगळं सांगितलंस. लिंबाचे डहाळे, गंगाबाई, काजळपोटी, तळ्याचं नाव. बातमी छान आली होती. मी ती वाचली तेव्हा तळ्याच्या नावावर बोट ठेवलं, तरीही, अक्का, मला तुझा अभिमान वाटला होता. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू वाद जिंकल्यासारखी वागली असतीस.

मग ती जीप आली. लातूरहून कुणी साहेब, त्यांचं कुटुंब, मुलं, एक कॅमेरा, एक रंगीत छत्री. येताना मजुरांच्या लेकरांसाठी जिलबी आणली होती. त्यांच्यात एकही वाईट माणूस नव्हता, हे मी तेव्हाही म्हणत होते. त्यांनी लिंबाचे डहाळे तुडवले नाहीत. डहाळ्यांच्या बाहेरच उभे राहिले, अगदी रांगेत, आणि आळीपाळीनं बघितलं. पण डहाळे फावड्यांच्या हिशेबानं लावलेले. माणसं एवढ्या जवळ एवढा वेळ उभी राहणार, हा हिशेब त्यात नव्हता. काजळपोट्या वर उडून ओरडत राहिल्या, खाली उतरेनात. दुपारचं आपल्याकडचं ऊन, आणि अंडी उघडी. कामाला दुपारची सुट्टी, गंगाबाई झाडाखाली लवंडलेली. तू दुसऱ्या गावात अडलेल्या बाईजवळ. मी दुपारच्या एसटीनं उतरले तेव्हा जीप धूळ उडवत परत निघाली होती. मागच्या सीटवरच्या मुलीनं मला हात केला.

तू संध्याकाळी आलीस. त्या गावातलं बाळ सुखरूप झालं होतं, तुझ्या अंगाला डेटॉलचा वास होता. तू वाळूतलं एक अंडं उचललंस, मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवलंस, पुन्हा होतं तसं ठेवलंस. दुसरं उचललं. मग डबक्याशी जाऊन कोपरापर्यंत हात धुतलेस, मेलेलं मूल जन्मल्यावर धुवायचीस तसे, पुन्हा पुन्हा. काजळपोटी तरीही येऊन बसली. ओल्या पोटानं. ते बघवत नव्हतं.

एसटीत तू एवढंच म्हणालीस, 'फावड्यातून वाचली.' मी म्हटलं, 'आणि कौतुकानं गेली.' अक्का, तेच एक वाक्य आपण दोघींनी मिळून पुरं केलं, अर्धं तुझं, अर्धं माझं. बाकी जन्मभर आपापल्या अर्ध्यासाठी भांडत राहिलो. मी सांगितलं नाही म्हणून फावडी आली, तू सांगितलंस म्हणून जीप आली. यातलं कुठलं खरं, ते मला आजही कळत नाही.

पण नियम त्यातूनच निघाला, आणि तो तू काढलास. 'बाळंतपणात बाई एकटी नको, अन् गर्दी बी नको. जवळ एक जण पाहिजे, जाणती.' त्या साली जाणती होती गंगाबाई. ती जाईपर्यंत दर उन्हाळ्यात आपण फक्त तिला सांगायचो आणि ती कुणालाच सांगायची नाही. दुसरा नियम, पिलं उडेपर्यंत तळ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. एकमेकींतसुद्धा नाही. पिलं उडाली की बारसं. तू हरभऱ्याच्या घुगऱ्या शिजवून डब्यात आणायचीस. बांधावर जो भेटेल त्याच्या ओंजळीत घालायची, आणि मग आपण दोघी उभ्या राहून तळ्याचं नाव मोठ्यानं घ्यायचो, पाळण्यात कुर्र करून घेतात तसं. आवाज पलीकडच्या काठाला लागून परत यायचा. गुराखी म्हणायचे, बाया बिघडल्या.

म्हातारपणी तू फोन घेतलास आणि माझा जीव टांगणीला लागला. ग्रुपवर रोज तुझे फोटो. चिमणी, बुलबुल, गटारावरचा बगळा, सगळं पाठवायचीस. एकदा काजळपोटीचा पाठवलास. खाली लोकांनी विचारलं, सिस्टर, लोकेशन? तू लिहिलंस, माहेर. मी तुला फोनवर झापलं, फोटो तरी कशाला टाकलास म्हणून. तू म्हणालीस, 'अगं, ती हाय एवढं तरी कळू दे लोकांना. कुठं हाय ते तू तुझ्या पदराला बांधून ठेव.' मी रागानं फोन ठेवला. आता त्या ग्रुपवर तुझं नाव स्क्रीनवर तसंच आहे, त्यापुढं काही उमटत नाही. रोज सकाळी चहा घेताना तरीही बघते.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तुझा आवाज पार खोल गेला होता. सुजाता औषध आणायला गेली तेव्हा तू मला खूण करून जवळ बोलावलंस. मला वाटलं, काही निरवानिरव असेल. तू म्हणालीस, 'बाई, आपण दोघी गेलो की ते तळं बी गेलं. कुणाला तरी सांग.' मी म्हटलं, सांगेन. तू माझ्याकडं बघत राहिलीस. तुझा माझ्यावर विश्वास नव्हता, आणि त्यात तुझी काही चूक नव्हती.

काल मी माहेरी गेले. एकटी. एसटीत शेजारच्या सीटवर पिशवी ठेवली, कंडक्टरनं ती उचलायला लावली. तळं आटून डबक्यावर आलं आहे, त्या सालासारखंच. उंचवट्याला वाट झाली आहे. पलीकडच्या काठाला जेसीबी उभा होता, त्याच्या चाकांच्या खुणा सुकलेल्या गाळातून मधोमध आल्या आहेत. आधी मला एकही पाखरू दिसलं नाही. सुजातानं दिलेल्या तुझ्या दुर्बिणीतून, उजवा डोळा झाकून, मी सगळी वाळू चाळली. मग दिसली. जोडी एकच आहे, अक्का. एवढ्या वर्षांच्या लेकींतली एकच आली आहे. ती उठली, पाण्यावर गेली, पोट भिजवून आली आणि बसली.

मी दुर्बीण डोळ्यांवरून काढली आणि डावीकडं धरली. आपण आळीपाळीनं बघायचो ना, हाताला सवय. कुणी घेतली नाही. मी ती तशीच धरून बसले, हात दुखायला लागेपर्यंत. इतकी वर्षं मला वाटायचं, मी पाखरं बघायला जाते.

उन्हं कलल्यावर बांधावरच्या लिंबाचे डहाळे मोडले. या वेळी उंचवट्याजवळ नाही, वाट जिथून सुरू होते तिथं, खूप अलीकडं रोवले. एवढं मी त्या जीपकडून शिकले. माझा गुडघा वाकत नाही, त्यामुळं काही डहाळे वाकडे आहेत. तू हसली असतीस. तेवढ्यात दोन म्हशी हाकत एक बाई आली. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलींच्या वयाची, डोक्याला टॉवेल बांधलेला. उभी राहिली आणि म्हणाली, 'काय करून राहिल्या बाई?'

अक्का, मला उत्तर शोधावं लागलं नाही. तुझंच तोंडात आलं. 'इथं बाळंतीण हाय.'

तिनं डहाळ्यांकडं बघितलं, मग उंचवट्याकडं. 'कोण?' मी दुर्बीण तिच्या हातात दिली. 'उजवा डोळा झाक.' ती लई वेळ बघत राहिली. म्हशी पार पुढं गेल्या तरी बघत राहिली. 'पोट काळं हाय की हिचं,' म्हणाली. 'काजळ सांडल्यावाणी.' मी एक वाकडा डहाळा नीट केला. मग तीच म्हणाली, 'त्या मशीनवर माझा दीर हाय. ह्या बाजूला यायचंय त्यांना. सांगते मी त्याला.' जाता जाता वळून विचारलं, 'किती दिवस?'

'बारसं होईस्तोवर.'

तिनं मान हलवली. आणखी काही समजावून सांगायची गरज पडली नाही.

तेव्हा, अक्का, सांगितलं मी. एकीला. दिरानं ऐकलं नाही तर मी स्वतः कलेक्टर कचेरीत जाईन आणि तळ्याचं नाव, गाव, शिवार सगळं लिहून देईन, आणि मग आपलं भांडण तू जिंकलंस असं समजू. ऐकलं तर निम्मं मी जिंकले. तुझ्या ग्रुपवाल्यांना निरोप पाठवला आहे की सहल या महिन्यात नाही, पिलं उडाल्यावर. पाटी नको. तुझ्या नावाच्या पाटीसाठी सिमेंट कालवायला माणसं येणार, तेवढ्यानंही काजळपोटी उठेल. त्याऐवजी येताना प्रत्येकानं मूठभर हरभरे आणावेत. ते काय समजायचं ते समजोत. सुजाता म्हणाली, घुगऱ्या मी शिजवते, आईचं पातेलं आहे.

अंडी दोन आहेत. फुटतील का, सांगता येत नाही. पिलं उडाली तर मी बांधावर उभी राहीन आणि नाव मोठ्यानं घेईन. दोघी मिळून घ्यायचो तेव्हा आवाज पलीकडच्या काठाला लागायचा. आता जाईल तेवढा जाईल.

तुझी,
बाई